निरंक रकाना

सरकारी कचेरीत ज्यांनी दोन-चार वर्षे काढली आहेत, त्यांना ‘निरंक’ या शब्दाची थोरवी सांगावयास नको. मुख्यालयाकडून दर तिमाहीस काही माहिती मागविली जाते. मागविलेली गोष्ट आपल्या शाखेत घडलेलीच नसते. मग आपण त्या रकान्यात ‘निरंक’ असे लिहितो, खाली सही करतो आणि कागद पुढे पाठवितो. (केंद्राच्या कचेऱ्यांत कोणी ‘शून्य’ लिहितो, बोलताना सगळेच ‘निल’ म्हणतात, अर्थ तोच.) त्या कागदाकडे कोणी संशयाने पाहत नाही. निरंक हे पूर्ण उत्तर आहे. उलट रकाना कोरा ठेवला, तर आठवड्याच्या आत स्मरणपत्र येते. शून्याला इतक्या आदराने वागविणारी दुसरी जागा आमच्या पाहण्यात नाही.

हेच शून्य शाळेच्या प्रवेशअर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात उतरले, की त्याचा सगळा मान जातो. तेथे ते आरोप होते. खिडकीमागचे माणूस मान वर करते, अर्जदाराकडे पाहते, मग त्याच्या चपलांकडे पाहते. मुलाचे वय, जन्माचा दाखला, आधीच्या शाळेची गुणपत्रिका हे सारे मागे पडते आणि एका बापाची चौकशी सुरू होते. हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा दिसतो. आमच्या मते तो नीतीचा आहे. आणि ज्यांना नोकरी नाही त्यांच्यापेक्षा, ज्यांना ती आहे त्यांना तो अधिक लागू आहे. म्हणूनच तो येथे मांडीत आहोत. या पानांचे बहुतेक वाचक आमच्यासारखेच बदलीचे धनी; दर तीन-चार वर्षांनी नव्या गावी, नव्या शाळेच्या खिडकीशी, तोच अर्ज पुन्हा भरणारे.

आपली भाषाही या बाबतीत निष्पाप नाही. ‘बेकार’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ ‘कामाविना’ एवढाच होता. आज मराठी मुलगा पडलेल्या सिनेमाला बेकार म्हणतो, अळणी भाजीला बेकार म्हणतो, आणि ज्याची गिरणी बंद पडली त्या माणसालाही बेकारच म्हणतो. ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ अशी आपली म्हण आहे. परंतु त्या न्हाव्याकडे गिऱ्हाईक का फिरकले नाही, गावात दुष्काळ होता की काय, याची विचारपूस ती म्हण करीत नाही. येथे पंजाबात ‘वेहला’ असा शब्द आहे. ज्याला सवड आहे तोही वेहला आणि जो निकम्मा आहे तोही वेहला. एवढे मात्र खरे, की पंजाबी माणूस मित्राला प्रेमानेही वेहला म्हणतो. ‘बेकार’ हा शब्द कोणी प्रेमाने उच्चारल्याचे आम्ही अद्याप ऐकलेले नाही.

चंडीगढातील एका खाजगी शाळेत प्रवेशाच्या रांगेत जे आमच्या कानांवर आले, ते थोडक्यात सांगतो. शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. असे कोठेही घडते. आमच्या पुढे खानदेशाकडील एक बाई आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन उभ्या होत्या. त्यांचे यजमान बद्दीच्या एका कारखान्यात होते. त्यांचा विभाग बंद झाला आणि सहा महिने ते घरी होते. खिडकीतल्या बाईंनी विचारले, ‘‘पिताजी क्या करते हैं?’’ ह्या म्हणाल्या, ‘‘अभी तो घर पर हैं.’’ त्यावर खिडकीतून जे आले ते प्रश्नाच्या रूपात होते, पण प्रश्न नव्हता: घरी बसून असतात तर मुलाला या शाळेत कशाला घालता, या शहरात राहायचे तर माणसाने काहीतरी करायला नको काय, आणि सहा महिन्यांत एकही काम मिळत नाही म्हणजे शोधतात तरी का? शब्द फार कठोर नव्हते. आवाजही चढलेला नव्हता. एखाद्याला हवापाणी विचारावे तसे ते चालले होते. मग त्यांनी अर्ज घेतला, ‘व्यवसाय’ या रकान्याभोवती पेन्सिलीने एक लहानसे वर्तुळ काढले आणि तो गठ्ठ्याच्या तळाशी सारला. मुलाची हनुवटी खिडकीच्या फळीला जेमतेम टेकत होती. त्याने सगळे ऐकले.

पेन्सिलीच्या त्या वर्तुळाबद्दल आम्हांस विशेष सांगावयाचे आहे, कारण तो आमच्या धंद्यातला भाग आहे. फायलीवर शाईने लिहिलेल्या शेऱ्याखाली सही असते, तारीख असते. उद्या कोणी विचारले तर त्याचे उत्तर द्यावे लागते. पेन्सिलीचा शेरा हा ज्याची जबाबदारी कोणीच घेत नाही असा शेरा होय. तो खोडता येतो, म्हणून लिहिणाऱ्याला त्याची भीती वाटत नाही. आणि तो वाचता येतो, म्हणून पुढच्याला त्याचा परिणाम चुकवता येत नाही. जगातले पुष्कळसे अन्याय अशा पेन्सिलीने होतात.

या पेन्सिलीचा प्रवास कोठवर जातो, याचा एक अभ्यास अमेरिकेत झालेला आहे. रे रिस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सेंट लुइस शहरातील एका शाळेत नव्याने भरती झालेल्या बालवर्गाचे प्रत्यक्ष बसून निरीक्षण केले आणि १९७० साली ते प्रसिद्ध केले. शाळेच्या आठव्या दिवशी शिक्षिकेने मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा नेमून दिल्या. पहिल्या टेबलावर हुशार, मागच्या दोहोंवर बेताचे. आठ दिवसांत कोणत्याही मुलाची कसलीही परीक्षा झालेली नव्हती. शिक्षिकेच्या हाती होते ते नावनोंदणीचे अर्ज, कोणती कुटुंबे सरकारी साहाय्यावर जगतात याची यादी, आईशी झालेले बोलणे, आणि थोरल्या भावंडांविषयी सहकाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी. पुढे ती शिकवीत असे बहुतांशी पहिल्या टेबलाकडे तोंड करून. दोन वर्षांनी, दुसऱ्या इयत्तेत, मुले जवळजवळ त्याच क्रमाने बसलेली आढळली. फक्त आता त्या क्रमाला गुणपत्रिकेचा आधार मिळालेला होता. या अभ्यासातील आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे. शाळा कृष्णवर्णीयांची होती, मुले कृष्णवर्णीय होती, आणि ती शिक्षिकाही कृष्णवर्णीय होती. परक्याने केलेला तो तिरस्कार नव्हता. नुकताच एक पायरी वर चढलेला माणूस खालच्या पायरीकडे ज्या नजरेने पाहतो, ती ती नजर होती.

खिडकीतल्या त्या बाईंविषयीही आम्ही असाच विचार करतो. खाजगी शाळेच्या कचेरीत काम करणाऱ्याचा पगार तो काय, आणि त्याच्या नोकरीला हमी ती कसली! उद्या पटसंख्या घटली तर पहिली कुऱ्हाड तिच्यावर. अशा माणसाला समोरचा बेकार बाप हा आपल्याच भवितव्याचा आरसा वाटत असला पाहिजे. आणि आरशावर रागावणे ही माणसाची जुनी खोड आहे. ‘तो आळशी म्हणून घरी बसला’ असे एकदा ठरविले, म्हणजे ‘मी आळशी नाही, तेव्हा माझ्यावर ही पाळी येणार नाही’ असा दिलासा आपोआप मिळतो. हे सर्व आम्ही समजू शकतो. तथापि समजणे निराळे आणि क्षमा करणे निराळे; कारण त्या दिलाशाची किंमत त्या बाई भरीत नव्हत्या, फळीला हनुवटी टेकून उभा असलेला मुलगा भरीत होता.

यावर काही आक्षेप संभवतात. त्यांतले दोन-तीन खरोखरी विचार करण्याजोगे आहेत.

शाळेला फी मिळेल की नाही हे पाहणे भाग आहे, असे कोणी म्हणेल. जरूर पाहावे. परंतु मग फीविषयी विचारावे. फी भरण्याची ऐपत आणि बापाचे चारित्र्य या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबण्याचे कारण नाही. ऐपतीचा प्रश्न सभ्यपणे कसा विचारता येतो, याचे उदाहरण याच शहरात घडले. २०२०च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली, लक्षावधी माणसांचे काम एका रात्रीत गेले, आणि शाळांची फी द्यावी की न द्यावी हा वाद पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयापुढे आला. पंजाबातील खाजगी शाळांच्या प्रकरणात ३० जून २०२० रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने शाळांना फी घेण्यास मुभा दिली. पण ज्या पालकाला ती देणे अशक्य आहे त्याने आपल्या स्थितीच्या पुराव्यासह शाळेकडे अर्ज करावा आणि शाळेने त्याचा सहानुभूतीने विचार करून सवलत किंवा पूर्ण माफी द्यावी, असेही सांगितले. पुढे त्यावर अपिले झाली, तो भाग येथे नको. आम्ही पाहतो तो त्या निकालातील ‘सहानुभूतीने’ या शब्दाकडे. न्यायमूर्ती तो लिहून मोकळे झाले. तो अमलात आणावयाचा होता शाळेच्या खिडकीने. आणि पुरावा कसला? पगार आहे याचा दाखला मिळतो. पगार नाही याचा दाखला कोण देणार? शेवटी माणूस मुद्रांकावर शपथपत्र करून आणतो, की मी काही कमावीत नाही. जे नाही त्याची शपथ घ्यायची, तीही पदरचे पैसे खर्चून, आणि ती एका अनोळखी माणसाच्या हाती ठेवायची: असा कागद ज्याच्या हाती येतो, त्याने तो वाचताना निदान भुवई तरी स्थिर ठेवावी, एवढी अपेक्षा अधिक नसावी.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. घरची परिस्थिती कळल्याखेरीज शाळा मुलाला मदत कशी करणार? वर्गात उपाशी आलेले मूल शिक्षकाला आळशी वाटेल. त्याच्या घरी काय चालले आहे हे ठाऊक असेल, तर तो निराळा वागेल. हे खरे आहे, आणि असे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. पण ते ही माहिती अर्जावरून मिळवीत नाहीत. मुलाच्या डब्यावरून, त्याच्या वहीवरून, त्याच्या गप्प बसण्यावरून मिळवितात, आणि ती मिळाल्यावर कोणाला सांगत नाहीत. प्रवेशाच्या खिडकीत घेतलेली माहिती मूल दिसण्यापूर्वी घेतलेली असते. मुलाच्या आधी त्याच्या घरचे शून्य वर्गात जाऊन बसते, आणि मग शिक्षक मुलाकडे पाहतो तो त्या शून्याच्या भोकातून.

तिसरा आक्षेप असा, की काही बाप खरोखरच आळशी असतात. असतात, ते नाकारण्याचे कारण नाही. व्यसनी असतात, नोकरी मिळवून देणाऱ्यालाही ओशाळवाणे करून सोडणारे असतात. परंतु खिडकीच्या एका फटीतून, दोन मिनिटांत, आळशी बाप आणि अभागी बाप यांतला फरक कोणाला ओळखता येतो? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो झिजत गेला, आणि हजारो घरांतील कर्ता पुरुष त्या झिजण्याबरोबर ‘बेकार’ झाला. सतराव्या जानेवारीस साच्यावर उभा राहणारा कुशल विणकर एका वर्षात आळशी कसा होईल? लालबाग-परळच्या चाळींतील पुष्कळ मुलांची शाळा त्या काळात सुटली, ती बापाच्या स्वभावामुळे नव्हे.

शिवाय दीर्घकाळ काम नसले, म्हणजे कष्टाळू माणूसही हळूहळू आळशासारखा दिसू लागतो. ऑस्ट्रियात मारियनथाल नावाच्या खेड्यात एकच कापड गिरणी होती. ती १९२९-३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी यहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांनी तेथे जाऊन जो अभ्यास केला, तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. वेळच वेळ असताना गावच्या वाचनालयातून पुस्तके नेणे जवळजवळ निम्म्यावर आले. रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांचा वेगसुद्धा मंदावला. शाळेतील मुलांना नाताळात काय हवे ते लिहावयास सांगितले, तेव्हा मारियनथालच्या मुलांनी मागितलेल्या वस्तूंची किंमत शेजारच्या गावांतील मुलांच्या मागण्यांच्या एक तृतीयांश भरली. आणि त्यांतल्या कित्येकांनी ‘आईवडिलांना काम असते, तर मला अमुक हवे होते’ अशी वाक्ये लिहिली. शाळकरी मूल संकेतार्थ इतका अचूक वापरते, तेव्हा त्याला घरची परिस्थिती कोणी समजावून सांगण्याची गरज उरलेली नसते.

आणि समजा, बाप खरोखर आळशीच निघाला. तर मग त्या मुलाला शाळेची गरज कमी आहे की अधिक? (आमच्या मनात कधीकधी एक वेडा विचार येतो. दुष्काळात ज्यांची वाणगिरी बुडाली, दिवाळे निघाले आणि जे डोंगरावर जाऊन बसू लागले, त्या तुकोबांच्या मुलांचा अर्ज या खिडकीत आला असता, तर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्याभोवती केवढे मोठे वर्तुळ पडले असते!)

शाळेने पालकाची पारख मुळीच करू नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. आपल्याकडील शिक्षणाच्या थोर पुरस्कर्त्यांनी ती केलेली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया लहान नव्हता. म्हणजे पालकाचा निवाडा होत होता. परंतु एकाच गोष्टीवरून, त्याने मूल पाठविले की नाही यावरून. तो शेत कसतो की दुसऱ्याच्या बांधावर राबतो की ओट्यावर बसून तंबाखू मळतो, हे कोणी विचारीत नव्हते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढल्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्या विधेयकात पालकाच्या प्राप्तीचा उल्लेख होता. तो असा, की ज्याची मासिक प्राप्ती दहा रुपयांहून अधिक नाही त्याच्या मुलाकडून फी घेऊ नये. प्राप्ती विचारायची ती ओझे उतरविण्यासाठी. हा प्रश्न विचारण्यामागचे दुसरे कोणतेही कारण गोखल्यांना पटले असते, असे आम्हांस वाटत नाही.

स्वतंत्र भारताने या तत्त्वाला कायद्याचे रूप देण्यास बराच काळ घेतला. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमाने प्रवेश देताना मुलाची किंवा त्याच्या आईवडिलांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजार आणि पुढील प्रत्येक वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. ‘आईवडिलांची’ हा शब्द कायद्यात घालावा लागला, यातच आमच्या शाळांची कथा आली. तरीही २०१६च्या जानेवारीत दिल्ली सरकारला बालवर्गाच्या प्रवेशाचे बासष्ट निकष रद्द केल्याचे जाहीर करावे लागले. त्यांत पालकांचे शिक्षण, त्यांचे कर्तृत्व, त्यांचा शाकाहार, त्यांचे धूम्रपान असले निकष होते. त्यांतील काहींबाबत उच्च न्यायालयाने लौकरच स्थगितीही दिली. कायदा खिडकीपर्यंत पोहोचतो. खिडकीच्या आत पेन्सिल कोणाच्या हाती आहे, हे त्याला दिसत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्यास घेतला, तिकडे वळतो. त्या दिवशी त्या बाईंनंतर एका गृहस्थाची पाळी आली आणि मग आमची. अर्जावरील ‘केंद्र सरकार’ ही अक्षरे पाहताच खिडकीतला आवाज बदलला. ‘‘बैठिए सर,’’ असे झाले, खुर्ची आली. आम्ही कारकून, ‘सर’ म्हणवून घेण्याजोगा आमचा हुद्दा नाही. तो मान आमच्या गुणांचा नव्हता, ज्ञानाचा नव्हता, मुलाच्या बुद्धीचाही नव्हता. तो महिनाअखेर न चुकता येणाऱ्या पगाराचा होता. त्या बाईंना मिळालेला अवमान आणि आम्हांला मिळालेली खुर्ची एकाच टांकसाळीतून निघालेली होती. एकाच नाण्याच्या त्या दोन बाजू. ज्या मापाने आम्ही उंच ठरतो, त्याच मापाने ते गृहस्थ बुटके ठरतात. माप आमच्या हितसंबंधाचे आहे, म्हणून ते आम्हांस माप वाटतच नाही, जगाची रीत वाटते.

आम्हां सरकारी नोकरांना तर हे माप जन्मभर पुरते. १९६३ पासून केंद्रीय विद्यालये सुरू झाली ती मुख्यतः आमच्याच मुलांसाठी. बदलीच्या नोकरीतील माणसाच्या मुलाचे शिक्षण तुटू नये, हा त्यांचा हेतू अगदी रास्त होता. तेथे प्रवेशाच्या क्रमात गेल्या सात वर्षांतील बदल्या मोजल्या जातात. जितके अधिक हललो तितका आमचा हक्क मोठा. परंतु बंद पडलेल्या कारखान्यामागून गावोगाव फिरणारा कामगार आमच्याहून अधिक वेळा हललेला असतो, आणि त्याचे हलणे कोणी मोजीत नाही. ही सवलत सोडून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. ती सेवेच्या गरजेतून आलेली आहे. ती आपल्या योग्यतेची पावती आहे असा समज मात्र सोडून द्यावा.

हे शहर तर अशा समजाला खतपाणीच घालते. चंडीगढची आखणी झाली तेव्हा सरकारी घरांच्या मूळ आराखड्यात मुख्यमंत्र्यापासून शिपायापर्यंत तेरा श्रेणी होत्या. कार्बुझिएच्या बरोबरचे जानरे, फ्राय आणि ड्रू या वास्तुकारांनी शिपायाचेही घर मन लावून रचले, हा त्यांचा मोठेपणा. पण ज्याला हुद्दाच नाही, त्याला त्या यादीत जागा असणे शक्य नव्हते. आजही येथे माणसाचा सेक्टर विचारला, की त्याची मिळकत अर्धी कळते. उत्तरेकडचे आकडे ऐसपैस बंगल्यांचे, दक्षिणेकडे जावे तसतशी दाटी वाढत जाते. प्रवेशअर्जात पत्ता आधी येतो, व्यवसाय नंतर; खिडकीने निम्मा निकाल पत्त्यावरच दिलेला असतो. आणि तरी याच आखणीत दुसराही एक विचार आहे. सुमारे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब अशा प्रत्येक सेक्टरच्या पोटात, हिरव्या पट्ट्याच्या कडेला, शाळा योजलेली आहे. हेतू हा, की कोणत्याही मुलाला वेगवान रस्ता ओलांडून शाळेत जावे लागू नये. ज्यांनी मुलाच्या पायांचा एवढा विचार केला, त्यांच्या शहरात मुलाच्या कानांचा विचार व्हावयास हरकत नव्हती.

मग अशा खिडकीशी वागावे कसे? ज्याच्यावर प्रसंग येतो त्या पालकाने समर्थन देऊ नये, असे आम्हांस वाटते. कारखाना का बंद झाला, किती ठिकाणी अर्ज केले, पाठीचे दुखणे केव्हापासून आहे, हे सांगू लागले, की विचारण्याचा समोरच्याचा अधिकार आपणच मान्य केला. ‘सध्या नोकरी नाही, मुलाविषयी काय माहिती हवी?’ इतके पुरे. पण हे लिहिणे सोपे आहे. मूल आत घ्यावयाचे की नाही हे ज्याच्या हाती, त्याच्यापुढे ताठ राहण्याचा उपदेश खुर्चीवर बसून करणे आम्हांस शोभत नाही. बाहेर आल्यावर त्या बाई आम्हांला म्हणाल्या, ‘‘दादा, ‘धंदा’ असं लिहिलं असतं तर बरं झालं असतं का हो?’’ या प्रश्नाचे सरळ उत्तर आम्हांस देता आले नाही. खोटे लिहू नये, हे खरेच. परंतु ज्या रकान्यात खरे लिहिणाऱ्याची फजिती आणि खोटे लिहिणाऱ्याची सुटका होते, त्या रकान्याने खोटेपणाचा अर्धा वाटा स्वतः उचलला पाहिजे. ‘स्वतंत्र व्यवसाय’ या दोन शब्दांआड या देशात किती बाप लपलेले असतील, हे अर्ज तपासणारे आम्ही कारकून जाणतो.

तेव्हा बोलावे ते रांगेतल्या दुसऱ्याने, ज्याचे काही बिघडत नाही त्याने. आमची पाळी आली तेव्हा आम्ही खिडकीतल्या बाईंना इतकेच विचारले, की हा रकाना कोणत्या नियमाने आहे, आणि तो कोरा ठेवला तर चालेल काय? त्या चपापल्या. म्हणाल्या, छापून आलेला आहे. हे उत्तर अगदी आमच्या कचेरीतले होते. आम्हांला त्यांच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला. त्यांना वाईट माणूस ठरविणे म्हणजे पुन्हा तीच पेन्सिल हाती घेणे होते, म्हणून तक्रार त्यांच्याविरुद्ध केली नाही. रांगेतल्या आम्ही तिघांनी मुख्याध्यापकांना एक पत्र लिहिले: प्रवेशाच्या वेळी व्यवसाय विचारू नये, फीची सवलत हवी असेल त्याने वेगळा अर्ज बंद पाकिटात द्यावा, आणि मुलासमोर पालकाला काही विचारावयाचे असेल, तर मूल बाहेर खेळत असताना विचारावे. त्या बाईंचे नाव पत्रात घातले नाही. तशी त्यांचीच इच्छा होती. मुलाला प्रवेश मिळाला, पण तो पत्रामुळे की जागा शिल्लक होत्या म्हणून, हे सांगता येत नाही.

पुढल्या वर्षीचा अर्ज आम्ही मुद्दाम मागवून पाहिला. पाकिटाची सूचना मान्य झालेली होती. व्यवसायाचा रकाना मात्र होता तेथेच होता. त्याच्यापुढे कंसात एक शब्द नवीन छापला होता: ‘असल्यास’. ही सुधारणा समजावी की आणखी बारीक टोच, यावर आम्हां तिघांत अजून एकमत झालेले नाही.